अडतीस मुलं, एकच आयडी: शिक्षकांना संगणक शिकवायचा तर

मी शिक्षकांना संगणक शिकवते. गेल्या वर्षी कुर्ल्याच्या एका शाळेत सहावीच्या वर्गशिक्षिका मला त्यांची एक्सेल फाइल दाखवत होत्या. वर्गात ४२ मुलं. विद्यार्थी आयडीच्या कॉलमवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "मॅडम, रविवारी बसून रजिस्टरवरून एकेक आकडा टाकलाय मी. आणि आता बघा, अडतीस जणांचा नंबर सेम. सगळ्यांच्या शेवटी चार शून्यं. माझंच डोकं फिरलंय का?"

डोकं ठिकाणावर होतं. सरल या राज्याच्या शालेय माहितीच्या ऑनलाइन प्रणालीतला विद्यार्थ्याचा आयडी १९ अंकी असतो: आधी ४ अंक नोंदणीच्या वर्षाचे, मग ११ अंक यूडायसचे, म्हणजे देशात प्रत्येक शाळेला मिळणाऱ्या क्रमांकाचे, आणि शेवटचे ४ त्या मुलाचे स्वतःचे. एक्सेल मात्र कुठल्याही आकड्यातले पहिले १५ अंकच धरून ठेवतं आणि सोळाव्यापासून पुढे गुपचूप शून्यं भरतं. चार आणि अकरा, झाले पंधरा. म्हणजे एक्सेलने वर्ष ठेवलं, शाळा ठेवली आणि नेमकं मूल पुसून टाकलं. उरलेली चार मुलं दुसऱ्या शाळांमधून आलेली, म्हणून त्यांचे नंबर वेगळे दिसत होते.

यावरचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. आकडे टाकण्याआधी तो कॉलम निवडून त्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करायचा. मग एक्सेल त्याला आकडा न समजता अक्षरं समजतं आणि हात लावत नाही. आधी टाकलेले अंक मात्र परत येत नाहीत, ते पुन्हा टाकावे लागतात. हे सांगताना मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

या मॅडमकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र होतं, चांगल्या टक्क्यांचं. तो कोर्स वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. २००१ पासून महाराष्ट्रात लाखो लोकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो त्याच कोर्समुळे. पण तो सगळ्यांसाठी बेतलेला आहे. कारकून, विद्यार्थी, गृहिणी, नोकरीच्या शोधात असलेला मुलगा, सगळ्यांना एकच. शिक्षकाच्या टेबलावर सोमवारी सकाळी काय येऊन पडणार आहे, हे त्याला कसं ठाऊक असणार? शिक्षकांसाठी वेगळं प्रशिक्षण आखायचं तर सुरुवात त्या टेबलापासून व्हायला हवी. आपल्याकडे ती बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या मेनूपासून होते: आज फाइल मेनू, उद्या इन्सर्ट मेनू, परवा परीक्षा.

आधी स्टाफरूममध्ये बसा

प्रशिक्षण ठरलं की पहिल्यांदा एक गूगल फॉर्म फिरतो. 'तुम्हाला एक्सेल येतं का? हो / थोडं / नाही.' या फॉर्मवर माझा काडीचा विश्वास नाही. 'हो' म्हणणाऱ्या एका सरांनी हजेरीचा तक्ता एक्सेलमध्ये अगदी देखणा आखला होता आणि बेरजा शेजारच्या कॅल्क्युलेटरवर करून हाताने टाइप केल्या होत्या. त्यांच्या दृष्टीने त्यांना एक्सेल येतच होतं.

'नाही' म्हणणाऱ्यांची गोष्ट आणखी मजेची आहे. शाळेत ज्याला संगणक येतो त्याच्या गळ्यात सगळं पडतं. यूडायस प्लसची माहिती भरा, संचमान्यतेचं, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर त्याचं, बघा, आधार जुळत नाहीयेत ती मुलं शोधा, शालार्थवर पगारबिल काढा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरा. वर तास सुटत नाहीत ते नाहीतच. त्यामुळे बरेच जण शहाणपणाने 'मला नाही बाई येत' म्हणून मोकळे होतात. एका मॅडमना मी वर्षभर नवशिक्या समजत होते. नंतर कळलं, घरी मिस्टरांच्या दुकानाचा सगळा जीएसटीचा हिशेब त्याच ठेवतात.

त्यामुळे फॉर्मऐवजी मी एक कामाचा दिवस स्टाफरूममध्ये काढते. प्रश्न एकच: "काल संगणकावर किंवा मोबाइलवर शेवटचं काय काम केलंत? करून दाखवा ना." ते करत असताना मी गप्प बसते. मग खरी यादी मिळते. पोर्टल फाइल घेत नाही कारण पीडीएफ मोठी आहे. मराठीत टाइप केलेली प्रश्नपत्रिका झेरॉक्सवाल्याकडे उघडली की किडेमुंग्या दिसतात. निकालाची बेरीज दोघांची वेगवेगळी येते. दाखल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर आले, आता ते शोधायचे कुठे? या यादीत 'पॉवरपॉइंटमध्ये अॅनिमेशन' मला आजवर आढळलेलं नाही, आणि तरी प्रत्येक प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात ते असतंच.

एकच काम, पण शेवटपर्यंत

यादी हातात आली की तिच्यातलं एक काम उचलायचं. माझं आवडतं काम म्हणजे निकालपत्रक, कारण एक्सेलमधलं शिक्षकाला लागणारं जवळपास सगळं त्यात येऊन जातं.

महाराष्ट्रात २०१० पासून प्राथमिक वर्गांना सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सहावीला आकारिकचे (वर्गात वेळोवेळी होणाऱ्या मूल्यमापनाचे) ५० आणि संकलितचे (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) ५० गुण, दोन्ही मिळून शंभर, आणि त्यावरून श्रेणी. श्रेणी नऊ: ९१ पासून पुढे अ-१, ८१ पासून अ-२, असं उतरत उतरत ३३ ते ४० ड, २१ ते ३२ इ-१ आणि त्याखाली इ-२. आता ही श्रेणी संगणकाने आपोआप लावावी असं वाटतं. नेहमीच्या प्रशिक्षणात यासाठी 'इफ', म्हणजे 'जर असं, तर तसं' सांगणारं सूत्र शिकवतात. नऊ श्रेणी म्हणजे एकाच्या पोटात एक असे आठ इफ, आणि शेवटी आठ कंस बंद करायचे. एक कंस राहिला की संपलं. इथेच निम्मा हॉल हात टेकतो आणि घरी जाऊन पुन्हा पेन काढतो.

मी त्याऐवजी रिक्षा आठवायला सांगते. जुन्या मीटरच्या रिक्षात ड्रायव्हर खिशातून भाड्याचं कार्ड काढायचा. मीटरवरचा आकडा डावीकडच्या रांगेत शोधायचा आणि त्याच्यासमोर उजवीकडे लिहिलेलं भाडं द्यायचं. व्हीलुकअप नावाचं सूत्र हेच करतं. शीटच्या कोपऱ्यात नऊ ओळींचं कार्ड बनवा. डावीकडे प्रत्येक श्रेणीची खालची हद्द, चढत्या क्रमाने: ०, २१, ३३, ४१, ५१, ६१, ७१, ८१, ९१. उजवीकडे श्रेणी. मग सूत्राला चार गोष्टी सांगायच्या: कुणाचे गुण बघायचे, कार्ड कुठे आहे, कार्डातल्या कितव्या कॉलममधून उत्तर आणायचं, आणि शेवटी 'ट्रू'. ट्रूचा अर्थ, नेमका आकडा कार्डात नसला तर त्याच्या आधीच्या ओळीवर थांब. मुलाला ६७ मिळाले, कार्डात ६७ नाही, ६१ वर थांबा, ब-२. कार्डाच्या पत्त्यात डॉलरची चिन्हं घालायची, नाहीतर सूत्र खाली ओढताना कार्डही खाली सरकतं. हे डॉलरचं प्रकरण मी आधी सांगत नाही. सूत्र खाली ओढून बिघडू देते, मग सांगते. एकदा स्वतःचा निकाल बिघडलेला पाहिला की डॉलर कायमचा लक्षात राहतो.

मग कुणीतरी विचारतंच, "साडेचाळीस आले तर?" संगणक म्हणतो ड, कारण ४१ गाठले नाहीत. बाई म्हणतात, आम्ही तर अर्धा आला की पुढचा पूर्ण धरतो, म्हणजे क-२. शेजारचे सर म्हणतात, आमच्या शाळेत नाही धरत. एका शाळेत यावर पाव तास भांडण झालं, आणि माझ्या मते तो दिवसातला सगळ्यात चांगला पाव तास होता. गुण पूर्णांकात कधी करायचे, प्रत्येक चाचणीनंतर की शेवटी एकदाच, हे एक्सेल ठरवू शकत नाही. ते शाळेने ठरवायचं आणि मग सूत्रात लिहायचं.

गैरहजर मुलाचंही तसंच. कुणी तिथे शून्य टाकतं, कुणी 'गैह' लिहितं. शून्य टाकलं तर वर्गाची सरासरी खाली येते, कारण ते मूल पेपर देऊन नापास झालं असं एक्सेलला वाटतं. 'गैह' लिहिलं तर सरासरीच्या सूत्रात ते मूल धरलंच जात नाही. पण बेरजेला 'सम' न वापरता दोन घरांमध्ये नुसतं अधिक चिन्ह टाकलं असेल, तर अक्षरं बघून एक्सेल चूक दाखवतं. एकाच वर्गाच्या दोन बेरजा वेगळ्या का येतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

अमेरिकेत पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये एक मांडणी केली. तंत्रज्ञानाचं ज्ञान, विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं ज्ञान हे शिक्षकाच्या डोक्यात तीन वेगळ्या कप्प्यांत राहून चालत नाही, ती एकमेकांत मिसळावी लागतात. साडेचाळीस गुणांच्या भांडणात तिन्ही एकदम बाहेर येतात. मेनू शिकवत बसलात तर पहिल्या कप्प्याच्या पलीकडे जाता येत नाही.

किडेमुंग्या का दिसतात

मराठी टायपिंगवर एक अख्खं सत्र हवं, कारण स्टाफरूममधल्या तक्रारींत त्याचा नंबर पहिला असतो.

श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी हे जुने फॉन्ट एक युक्ती करतात. संगणकाला वाटतं की तुम्ही इंग्रजी अक्षरं टाइप करताय. फॉन्ट फक्त त्या अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. तुमच्या संगणकावर तो मुखवटा आहे, झेरॉक्सवाल्याकडे नाही, म्हणून तिथे मुखवट्यामागची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उघडी पडतात. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. देवनागरीच्या मुख्य गटासाठी १२८ जागा राखलेल्या आहेत आणि 'क' हा जगातल्या कुठल्याही संगणकावर 'क'च राहतो. पोर्टलवर, गूगल शोधात, मोबाइलवर चालतं ते हेच.

एवढं समजलं की पुढचा प्रश्न येतो, टाइप कसं करायचं? इथे माझं मत थोडं व्यवहारी आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सगळ्यात शिस्तीचा: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि विंडोजमध्ये तो आधीपासूनच असतो. ज्यांना आठवड्याला पाच-सहा पानं टाइप करावी लागतात त्यांनी तो जरूर शिकावा, दोन-तीन आठवड्यांत हात बसतो. पण सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या बाईंना महिन्यातून एक सूचना लिहायची असेल तर त्यांना मोबाइलवर बोलून टाइप करायला शिकवा. 'ऱ्हस्व' आणि 'दीर्घ' यांतले घोळ आणि विरामचिन्हं नंतर हाताने नीट करायची. मराठीच्या बाई त्या चुका आनंदाने शोधतात, हा मला मिळालेला अनपेक्षित फायदा.

एक गोष्ट विसरू नये. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांत चालतात. सरावाची फाइल फक्त मराठीत ठेवून मी एकदा गेले होते. पहिल्या बाकावरच्या उर्दू माध्यमाच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "उजवीकडून डावीकडे कसं लिहायचं?" मला तेव्हा सांगता आलं नाही. तेव्हापासून मी कोणत्या माध्यमाचे शिक्षक येणार ते आधी विचारते.

हात पाठीमागे

माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोड्या नव्या गोष्टी मावतात. जॉन स्वेलर या शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये शिकताना डोक्यावर पडणाऱ्या या ओझ्याची मांडणी केली. हॉलमध्ये ते ओझं डोळ्यांना दिसतं: पडद्यावर बघायचं, मग आपल्या स्क्रीनवर बघायचं, त्यात बटण शोधायचं, तोवर प्रशिक्षक दोन पायऱ्या पुढे गेलेला. म्हणून मी पाच-सात मिनिटं दाखवते आणि मग थांबते. करायला दाखवण्याच्या तिप्पट वेळ द्यावा लागतो. पवईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम आहे. त्यात साधारण दहा मिनिटांचे छोटे व्हिडिओ असतात, मराठीतही आहेत. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर खरं सॉफ्टवेअर, बघायचं, थांबवायचं आणि लगेच करायचं. ज्यांना हॉलमध्ये सगळ्यांसमोर चुकण्याची लाज वाटते त्यांना मी हे घरी बघायला सांगते.

१९८० च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॅरल हा संशोधक कचेरीतल्या लोकांना वर्ड प्रोसेसर शिकताना बारकाईने बघत होता. जाडजूड पुस्तिका शेजारी असूनही लोक ती वाचत बसत नव्हते. ते सरळ आपलं पत्र टाइप करायला लागायचे, चुकायचे आणि अडकायचे. त्याने पुस्तिका छाटून छोटी केली, खऱ्या कामांभोवती रचली आणि चुकल्यावर बाहेर कसं यायचं ते तिच्यात घातलं. लोक लवकर शिकले. आपल्या शिक्षकांचंही अगदी हेच होतं. म्हणून माझ्याकडे एक मुद्दाम बिघडवलेली फाइल असते: एका मुलाची जन्मतारीख टेक्स्टमध्ये गेलेली, एका ओळीत बेरीज हाताने लिहिलेली, एक नाव दोनदा. दुरुस्त करा. पहिला धडा मात्र त्याच्याही आधी असतो, कंट्रोल आणि झेड. केलेलं मागे घेता येतं हे कळल्यावर माउस धरलेला हात सैल होतो.

आणि प्रशिक्षकासाठी एकच नियम: दुसऱ्याच्या माउसला हात लावायचा नाही. फार कठीण आहे हे. समोरचा तिसऱ्यांदा चुकीच्या ठिकाणी क्लिक करतो तेव्हा हात शिवशिवतात. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. दोघांत एक संगणक असेल तर माउस कमी येणाऱ्याच्या हातात, जास्त येणाऱ्याने फक्त बोलायचं. हे सुरुवातीलाच सांगितलं नाही तर सरावलेला माणूस सगळं करून टाकतो आणि दुसरा दोन तास मान डोलावतो.

मुंबईचं वेळापत्रक

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. कागदावर ठीक. प्रत्यक्षात दोन पाळ्यांची शाळा, सकाळच्या बाई साडेबारानंतर मोकळ्या होतात तेव्हा दुपारच्या बाईंची घंटा होते. एक जण विरारहून येते, एक बदलापूरहून. निवडणूक आणि जनगणनेची कामं शिक्षकांना द्यायची मुभा तर शिक्षण हक्क कायद्यातच आहे. अशा वेळी सलग दोन दिवस एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवण्याचा मोह होतो, कारण हजेरीपत्रक एकदाच भरावं लागतं.

पण १८८५ मध्येच हर्मन एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सगळ्यात जास्त विसरलं जातं. दोन दिवस सलग शिकवलेलं पुढच्या महिन्यात निकालाच्या वेळी कुठे असणार? मी आता दीड तासाची चार सत्रं घेते, दोन सत्रांत किमान दोन आठवड्यांचं अंतर, आणि मधल्या काळात शाळेचंच खरं काम. शक्य असेल तर त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच संगणकांवर. छान एसी हॉलमध्ये नव्या एक्सेलवर शिकून शाळेत आलेल्यांना एक्सेलच्या जागी जुनं लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर दिसतं आणि 'ते बटण कुठंय?' यातच अर्धा तास जातो. पेन ड्राइव्हवर सगळ्या फाइल्स नेते, नेटवर कधीच विसंबत नाही. एकदा लॅबची किल्लीच रजेवर गेलेल्या शिपायाकडे होती. ते सत्र व्हरांड्यात मोबाइलवर गूगल शीट्समध्ये झालं आणि बरं झालं. मॅडम लोकलमध्ये काम करतात ते मोबाइलवरच, हे मला त्या दिवशी उमगलं.

मुख्याध्यापक पहिल्या सत्राला बसलेच पाहिजेत, ही माझी अट असते. कारण वर सांगितलेलं ते गळ्यात पडण्याचं दुखणं. सगळ्या स्टाफला एकत्र शिकवलं आणि कोणतं काम कुणाचं हे त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, तर येणाऱ्याला येतं असं म्हणायला भीती वाटत नाही. जिथे एका मॅडमला मदतनीस म्हणून नेमलं, तिथे त्यांचे आठवड्याचे दोन तास सोडवून घेतले. नाही सोडवले तर महिन्याभरात त्या फोन उचलत नाहीत.

सरावाच्या फाइलमध्ये खऱ्या मुलांची नावं आणि आधार क्रमांक वापरायचे नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं म्हटलंय, आणि आपल्याकडे अख्ख्या वर्गाच्या आधारची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. यावर वेगळं भाषण देण्यात अर्थ नाही. खोट्या नावांची फाइल दिली की सवय आपोआप लागते.

शेवटी उपयोग झाला की नाही ते कसं कळणार? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, कामाचा निकाल बदलला का. आपले अभिप्राय फॉर्म पहिल्या पायरीवरच थांबतात, 'सत्र उत्तम, चहा गरम'. मी तीन आठवड्यांनी खरी फाइल मागते आणि बेरजेच्या घरावर क्लिक करून बघते. वर सूत्र दिसलं की समाधान. नुसता आकडा दिसला की पुढच्या सत्रात पुन्हा तिथूनच सुरुवात.

कुर्ल्याच्या त्या मॅडमनी आयडीचा कॉलम टेक्स्ट करून सगळे बेचाळीस आयडी पुन्हा भरले. महिन्याभराने रात्री साडेदहाला त्यांचा मेसेज आला: "मॅडम, ऑफिसमधून सीएसव्ही फाइल आली, उघडली, तर पुन्हा चार शून्यं." सीएसव्ही म्हणजे तक्त्याची नुसत्या मजकुराची फाइल, तिच्यात फॉरमॅट साठवलेलाच नसतो, त्यामुळे ती नुसती डबल क्लिक करून उघडली की एक्सेल पुन्हा सगळं आकडे समजतं. ती 'डेटा' टॅबमधून आत आणायची आणि आणताना त्या कॉलमला टेक्स्ट म्हणायचं. मी तसं लिहून पाठवलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं: "झालं. सेव्ह न करता बंद केली होती, म्हणून मूळ फाइल वाचली." हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.